इज्जाची फांदी

या जगात न हलणाऱ्या गोष्टी दोनच आहेत: एक आमचा पर्वत आणि दुसरा तिफ्राविन गावच्या वाटाड्यानं दिलेला शब्द.

हे वाक्य माझं नाही, दा बिहिचं आहे; दा म्हणजे आमच्याकडे दादा. एकेचाळीस वर्षं तो या राष्ट्रीय उद्यानात पाहुण्यांना पायी फिरवत होता, आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला, पाटाच्या पाण्यावरच्या दगडी साकवावर उभं राहून, काठी उंचावून हे जाहीर करायचा. पाहुणे वहीत लिहून घ्यायचे. मग एका सप्टेंबरात पर्वत हलला. अर्धा मिनिटभर, पण हलला. आणि दुसऱ्या गोष्टीचं म्हणाल, तर माझ्या मावशीला चुलीचं धुराडं आणून देण्याचा शब्द दा बिहिनं अकरा वर्षांपूर्वी दिला होता. मावशी अजून खोकतेय.

मी इदर. वीस वर्षं दा बिहिच्या फेऱ्यांवर माझं खेचर असायचं. चहाची किटली, रोट्या आणि दमलेले पाहुणे वाहून नेणं हे आमचं काम. खेचराचं नाव वझीर. तो पुढे चालतो, पण कुठे चाललोय याची त्याला काही पडलेली नसते, म्हणून हे नाव दा बिहिनंच ठेवलं.

दा बिहिची नजर काचबिंदूनं कडेकडेनं खाल्ली. आधी दरीचा पलीकडचा काठ गेला, मग वाट, मग स्वतःचे हात. वर्षभर गावात कोणाला पत्ता लागला नाही, कारण फेरीत काडीचा फरक पडला नव्हता. पाहुण्यांना तो गरुड दाखवायचा आणि गरुड तिथे असायचा. एक दिवस मात्र त्यानं वझीरला सलाम करून घरच्यांची खुशाली विचारली, आणि उत्तर आलं नाही म्हणून माझ्यावर रागावला. तेव्हा कळलं. मी कोणाला बोललो नाही. तेव्हापासून तो डावा हात वझीरच्या खोगिरावर ठेवून चालू लागला, इतकंच.

त्याची फेरी तीन तासांची. पाटाच्या काठानं वर, बदामांच्या वाफ्यांतून, शेवटच्या पाणदारापर्यंत, म्हणजे पाट अडवायच्या फळीपर्यंत. तिथून तीनशे दहा पावलं चाललं की कड्यावरचं अक्रोडाचं झाड. त्या झाडाखाली पाहुण्यांना बसवून तो अख्खी दरी दाखवायचा. बाकीची फेरी म्हणजे त्या जागी पोचण्याचं निमित्त.

या झाडाचं थोडं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे जमीन एकाची आणि तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं असं सर्रास असतं. आणि झाडही बऱ्याचदा सबंध कोणाचं नसतं. बाप गेला की झाडाच्या फांद्या वाटल्या जातात. कड्यावरच्या अक्रोडाचे अकरा मालक होते, आणि झोडणीच्या दिवसांत कोणाच्या फांदीचं फळ कोणाच्या फांदीखाली गडगडलं यावरून अकरा घरांचं बोलणं बंद व्हायचं. दरीकडची फांदी होती इज्जाची. बापाकडून तिला ती मिळाली होती. लग्न होऊन दा बिहिच्या घरी आली तेव्हा तिनं दोन सतरंज्या, एक तांब्याचं भांडं आणि ही फांदी आणली. फांदी अर्थात झाडावरच राहिली. दा बिहि पाहुण्यांना दरी दाखवून झाली की वर बोट करायचा आणि म्हणायचा, “आणि ही माझी बायको.” पाहुण्यांना हा विनोद कधी कळला नाही. तो विनोद नव्हताच.

पर्वत हलला त्या सप्टेंबरात इज्जा गेली. दा बिहि वरच्या निवाऱ्यात पाहुण्यांबरोबर होता. तो हातांनी चाचपत खाली पोचला तोवर आम्ही तिला ढिगाऱ्यातून बाहेर काढून ठेवलं होतं. गावची एकोणीस माणसं गेली. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

झाड मात्र उभं होतं. तीन आठवड्यांनी झोडणी झाली. कोणी भांडलं नाही. इज्जाची फांदी मी झोडली आणि दा बिहि खाली पोतं पसरून बसला होता. अक्रोड त्याच्या डोक्यावर, खांद्यावर पडत होते. “बाजूला हो, दा,” मी वरून ओरडत होतो. तो हलला नाही.

हिवाळ्यात त्याची मुलगी यामना त्याला डोळे दाखवायला शहरात, आगादीरला, आपल्याकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी डोळे बघितले आणि शेजारच्या खोलीत जाऊन यामनाला खरं सांगितलं. इकडे मार्चमध्ये बर्फ वितळला, भूकंपानं खिळखिळा केलेला कडा सुटला आणि अक्रोडाचं झाड मुळांसकट खालच्या घळीत गेलं.

मेमध्ये दा बिहि परत यायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी गावाची बैठक बसली. ठरलं की सांगायचं नाही. घर गेलं, बायको गेली, डोळे गेले. फांदी तरी राहू दे. आमच्या गावाच्या इतिहासात कोणीही आवाज न चढवता झालेला हा एकमेव ठराव. त्या शरदात प्रत्येक घरानं आपापल्या झाडाचे पसाभर अक्रोड दिले, एक पोतं भरलं, आणि मुखिया मोहंदनं ते दा बिहिच्या तंबूत नेऊन ठेवलं. “इज्जाच्या फांदीचे,” तो म्हणाला. पुढच्या शरदात पुन्हा. उद्यानवाल्यांनी वरची वाट बंदच ठेवली होती, त्यामुळे तिकडे जाण्याचा प्रश्न नव्हता. पाहुणे आले की दा बिहि खाली बसून चहा करायचा आणि मी त्यांना दुसऱ्या वाटेनं फिरवायचो.

या वसंतात वाट उघडली. त्याच आठवड्यात यामनाचा निरोप आला की शुक्रवारी येते, बाबांना कायमचं आगादीरला नेते.

“जातो,” दा बिहि म्हणाला. “पोरगी एकटी आहे. पण गुरुवारी एक फेरी काढणार. अक्रोडापर्यंत. वाटाड्या मी. तू खेचर घेऊन सोबत चाल.”

मी हो म्हणालो, आणि तडक मोहंदकडे गेलो.

संध्याकाळपर्यंत बैठक बसली. मी सांगितलं.

“अक्रोडापर्यंत म्हणजे?” मोहंदनं विचारलं. त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची सवय आहे. मधल्या वेळात दुसरा कोणीतरी निर्णय घेईल अशी त्याला आशा असते.

“म्हणजे अक्रोडापर्यंत.”

“मग सांगून टाक त्याला.”

“मुखिया तू आहेस. तू सांग.”

“सांगितलं असतं रे. पण माझा घसा बसलाय.”

“दोन वर्षं बसलाय,” रकुश म्हणाली. रकुश विधवा आहे, चार मुलींची आई आहे, आणि बैठकीत बायकांनी बसू नये असा नियम तिच्या कानापर्यंत अजून पोचलेला नाही.

कोणीच सांगायला तयार होईना. मीसुद्धा नाही. आयुष्यातली शेवटची फेरी, पाहुणे समोर, आणि तो काठीनं झाड चाचपतोय आणि तिथे हवा आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जाईना. शेवटी मोहंदचा चेहरा उजळला.

“रकुशचं अक्रोडाचं झाड आहे ना अलीकडे! जुनं आहे, जाड आहे. त्याच्यापाशी नेऊन उभा कर. झाड झाडासारखंच असतं.”

“मुखियाही मुखियासारखाच असतो,” रकुश म्हणाली, “तरी आम्हाला तूच मिळालास.”

पण तिनं नाही म्हटलं नाही.

अडचण एकच होती. शेवटच्या पाणदारापासून रकुशचं झाड एकशे सत्तर पावलांवर. दा बिहि मोजतो. एकशे चाळीस पावलं कुठून तरी आणायला हवी होती.

गुरुवारचे पाहुणे म्हणजे फेस शहरातून आलेल्या दोन बहिणी. थोरली लाल्ला, म्हणजे बाईसाहेब, ग़ीता, अंगानं आणि बोलण्यानं भरगच्च. धाकटी लाल्ला झुबिदा, निवृत्त मुख्याध्यापिका, सगळं ऐकून घेणारी. त्यांना विश्वासात घेणं भाग होतं. मी घाबरत घाबरत सांगितलं, झाड खोटं आहे, पण तुम्ही खरं मानून कौतुक करा.

“एवढंच ना?” लाल्ला ग़ीता म्हणाली. “आम्ही फेसच्या बायका आहोत, बाळा. न आवडलेल्या सुनांचं कौतुक करण्यात आमची हयात गेली. झाडाचं काय घेऊन बसलास!”

सकाळी दा बिहि छातीवर पितळी बिल्ला लावून आला. तिळाएवढाही डाग नव्हता त्याच्यावर. साकवावर उभं राहून त्यानं काठी उंचावली.

“या जगात न हलणाऱ्या गोष्टी...” तो थांबला. खालून पाटाचं पाणी वाहत होतं. “पूर्वी मी दोन सांगायचो,” तो बहिणींना म्हणाला. “सध्या मोजणी चालू आहे. चला. बिस्मिल्ला.”

आणि तो चालू लागला. मी वीस वर्षं ती फेरी केली होती, पण त्या दिवशी जशी झाली तशी कधी नाही. बदामांचा बहर नुकता ओसरला होता. त्यानं मातीचा वास घेऊन सांगितलं की यंदा पाकळ्या उशिरा गळल्या. एका खडकावर हात ठेवून तो म्हणाला की दुपारी यावर सरडे येतात आणि त्यातला थोरला लंगडा आहे. लाल्ला झुबिदा प्रश्न विचारत होती आणि तो तिच्याकडे बघत उत्तर देत होता, बरोब्बर तिच्याकडे. थोरली मागे वळून माझ्या कानाशी लागली. “अरे, हा खरंच आंधळा आहे ना?” मी म्हटलं, “तीच तर पंचाईत आहे.”

शेवटचं पाणदार आलं. त्यानं काठी त्याच्या फळीवर टेकवली आणि ओठांत मोजायला सुरुवात केली. पुढे बटाट्याचा एक वाफा आहे. मी वझीरला, आणि त्याच्या खोगिरावर हात ठेवलेल्या दा बिहिला, हळूच त्यात वळवलं आणि आम्ही सगळे त्या वाफ्याला प्रदक्षिणा घालू लागलो. लाल्ला ग़ीताचा एक बूट चिखलात अडकला. ती बिचारी चकार शब्द न काढता मोजा घालून चालत राहिली.

“इदर,” दा बिहि म्हणाला, “आत्ता ऊन माझ्या डाव्या गालावर होतं.”

“हो, दा.”

“आता उजव्या गालावर आहे.”

“वाट दुरुस्त केलीय ना. वळणं वाढलीत.”

थोड्या वेळानं तो म्हणाला, “आणि आता परत डाव्या.”

“बरीच वाढलीत, दा.”

“चांगलं आहे. कामं होतायत म्हणायची.”

तीनशे दहाव्या पावलाला आम्ही रकुशच्या झाडाखाली होतो. घाम माझ्या पाठीवरून वाहत होता. दा बिहिनं वझीरचं खोगीर सोडलं, पुढे होऊन खोडावर तळवा ठेवला.

“सुभानल्ला!” लाल्ला ग़ीता ओरडली. “काय हे झाड! असं झाड आमच्या अख्ख्या फेसमध्ये नाही!”

“आपल्या गल्लीत झाडच नाही,” धाकटी पुटपुटली.

दा बिहि खोडाभोवती हात फिरवत एक फेरी घालून आला. मग नुसता उभा राहिला. दरी दाखवली नाही, वर बोट केलं नाही. चिमण्या ओरडत होत्या.  मग त्यानं मला बोटानं जवळ बोलावलं, आणि बायकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “इदर, पाहुण्यांना पुढे पाठवून चाळीस वर्षं मी याच झाडाआड लघवीला थांबतोय. हे खोड मी ओळखणार नाही?”

मी वझीरच्या लगामाशी चाळा करू लागलो.

“आपलं पडलं ना?”

“हो, दा.”

“मी आगादीरला असताना.”

“तुला कोणी सांगितलं?”

“आलो त्याच सकाळी कळलं. सकाळचा वारा आधी त्या झाडातून जाऊन मग गावात यायचा. त्या दिवशी तो थेट आला.” त्यानं तळव्याला लागलेली साल झटकली. “मग शरदात तुम्ही पोतं आणलंत. एका फांदीला सात तऱ्हेचे अक्रोड लागत नाहीत रे.”

“मग बोलला का नाहीस? दोन वर्षं!”

“तुम्ही सगळ्यांनी मिळून काहीतरी धरून ठेवलं होतं. या गावानं दोन दिवससुद्धा एकत्र काही धरलेलं मी आजवर बघितलं नव्हतं. म्हटलं, आपण कशाला सोडायला लावायचं.”

लाल्ला ग़ीता लांबून विचारत होती की आणखी कौतुक करायचं आहे का. दा बिहि तिच्याकडे वळला आणि छातीवर हात ठेवून झुकला.

“तुमचं मन मोठं आहे, लाल्ला. पण फेरी अजून संपली नाही. एकशे चाळीस पावलं राहिलीत.”

ती पावलं आम्ही चाललो. शेवटच्या वळणावर नदीचा आवाज एकदम वर येतो, तो आला, आणि त्याची काठी थांबली. पूर्वी त्या आवाजाच्या आणि आपल्या मध्ये पानं असायची. आता उघड्या कड्यावर एक दोर बांधला होता. मी त्याची बाही धरली.

“किती पुढे?”

“दोन पावलं. मग काही नाही.”

तो एक पाऊल गेला. “आता दाखव,” म्हणाला.

“काय?”

“समोर जे आहे ते. पाहुण्यांना उन्हात उभं केलंयस. वाटाड्या आता तू आहेस.”

“दा, मी...”

“दोन वर्षांत मला कोणी खरं सांगितलेलं नाही. मोहंद तर मला हवासुद्धा खोटी सांगतो. पाऊस पडत असला की म्हणतो, जरा दमट आहे. सांग.”

म्हणून मी सांगितलं. शिखरावर बर्फ आहे, पण खालपर्यंत नाही. डावीकडच्या उतारावर निळ्या पत्र्यांच्या खोल्या आहेत, बावीस. त्यांच्यापुढे सिमेंटच्या विटांची नवी घरं, चौदा, त्यातल्या चारांवर छप्पर आहे. मशिदीचा मनोरा नाही. कर्णा खांबाला बांधलाय. जुनं गाव होतं तिथे सगळं सपाट केलंय.

“माझं घर?”

“सपाट आहे. मोहंदनं तिथे जव पेरलेत. तुला न विचारता.”

“कसे आहेत?”

“गुडघाभर. हिरवेगार.”

त्यानं काठीचं टोक दगडावर घासलं. मग म्हणाला, “आणि झाड?”

“खाली घळीत आडवं आहे, दा. मुळं वर आहेत. लोकांनी बऱ्याच फांद्या तोडून सरपणाला नेल्या.” मी दोरावरून वाकून बघितलं. “दरीकडची कोणी तोडली नाही. ती पाण्यात आहे. साल निघून गेलीय. पांढरी दिसते. पाणी तिच्यावरून जातंय.”

दा बिहिनं काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही तळवे आकाशाकडे उघडले. ओठ हलत होते. त्याच्यामागे दोघी बहिणींनीही तळवे उघडले. लाल्ला ग़ीता एका पायात बूट घालून उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ते नाटक नव्हतं. धाकटीनं डोळे मिटले होते. वझीरसुद्धा चरायचा थांबला होता. मी ते सगळं बघत राहिलो, कारण बघणारा मी एकटाच होतो.

तळवे चेहऱ्यावरून फिरवून त्यानं काठी परत मागितली.

“डावीकडून सुरुवात केलीस,” तो म्हणाला. “नेहमी उजवीकडून करायची. सकाळचं ऊन पाहुण्यांच्या डोळ्यांवर येतं.”

“हो, दा.”

“बाकी बरं सांगितलंस.”

मग तो वझीरला धरून उतरला. साकवाजवळ आल्यावर एवढंच म्हणाला, “गावाला सांगू नकोस. हिरमोड होईल त्यांचा.” मी शब्द दिला.

शुक्रवारी नमाजानंतर यामनाची गाडी आली. अख्खा गाव जमला. त्याच्या दोन सतरंज्या आणि तांब्याचं भांडं गाडीत ठेवलं गेलं. ती तिन्ही आम्ही ढिगाऱ्यातून काढली होती. रकुशनं रोट्या बांधून दिल्या. मोहंदचा घसा ऐन वेळी सुटला आणि त्यानं भाषण केलं, की बिहि गेला तरी त्याचा पर्वत इथे आहे, त्याची वाट इथे आहे, आणि कड्यावर त्याचा अक्रोड इथे आहे, इन्शाल्ला हजार वर्षं राहील. बायका जमिनीकडे बघू लागल्या. मीही.

दा बिहिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पितळी बिल्ला काढून त्यानं माझ्या मुठीत ठेवला, गाडीत बसला, यामनानं दार लावलं. काच खाली करून तो म्हणाला,

“शरदात पोतं पाठवाल ना?”

“इज्जाच्या फांदीचे? पाठवू की!” मोहंद म्हणाला. “का नाही पाठवणार?”

“अल्लाह भलं करो. एवढं कर मोहंद, तुझ्या झाडाचे त्यात घालू नकोस. कडू असतात.”